मोटारीचें एंजिन आणि दृक्प्रत्यय

गणिताच्या तासाला मुलानें उत्तर काढलें कीं आम्ही एकच प्रश्न विचारीत असूं, "ताळा पाहिलास काय?" तीस-बत्तीस वर्षें हा प्रश्न विचारून जीभ झिजली, परंतु तो स्वतःस विचारण्याची वेळ आमच्यावर येईल, आणि तीही एका जुन्या मोटारीच्या निमित्तानें, असें कधीं वाटलें नव्हतें. या महिन्यांत तीच हकीकत सांगावयाची आहे. तींत यंत्राची माहिती जरा अधिक येईल. परंतु हल्लीं पुष्कळ घरांत मोटार असते व त्या घरांत एखादा हौशी तरुणही असतो, तेव्हां ती अगदींच निरुपयोगी ठरूं नये.

आमच्या कैलासवासी धाकट्या बंधूंची १९९६ सालची मोटार पुण्याजवळच्या आमच्या मळ्यांत पत्र्याच्या छपरीखालीं पडून होती. नोंदणीची मुदत संपल्यामुळें ती रस्त्यावर नेण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांचा मुलगा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षांत आहे. वडिलांची मोटार आपल्या हातानें पुन्हां सुरू करावी, आणि तीही जुना कार्ब्युरेटर काढून संगणकाच्या नियंत्रणाखालीं, असा त्यानें हट्ट धरला. भावजयीनें "भाऊजी म्हणतील तसें" असें म्हणून निर्णय आमच्यावर सोपविला, व आम्हीं होकार दिला.

या नियंत्रणांत काय असतें तें प्रथम पाहूं. पेट्रोलच्या एंजिनास दोन गोष्टी क्षणोक्षणीं ठरवून द्याव्या लागतात : हवेंत पेट्रोल किती मिसळावें, व त्या मिश्रणास ठिणगी केव्हां द्यावी. पेट्रोल पूर्ण जळण्यास वजनानें त्याच्या १४.७ पट हवा लागते. पूर्ण जोर पाहिजे असेल तेव्हां मिश्रण थोडें दाट, म्हणजे साडेबारा-तेरा पटींचें, ठेवितात. इथेनॉलला मात्र ९ पट हवा पुरते. २०२३ सालापासून आपल्या देशांत २० टक्के इथेनॉल घातलेलें पेट्रोल विक्रीस आलें. त्याचें प्रमाण साडेतेरा पटींच्या आसपास येतें. म्हणजे जुन्या पेट्रोलच्या मापानें बसविलेला कार्ब्युरेटर या पेट्रोलवर मिश्रण पातळ करतो.

ठिणगीचें प्रकरण याहून नाजूक आहे. मिश्रण एकदम जळत नाहीं. ज्योत पसरावयास सेकंदाचे कांहीं सहस्रांश जातात. मिनिटास ३,००० फेरे घेणाऱ्या एंजिनाचा एक फेरा सेकंदाच्या पन्नासाव्या भागांत संपतो. म्हणून दट्ट्या माथ्यावर पोंचण्यापूर्वींच कांहीं अंश आधीं ठिणगी द्यावी लागते, व हे अंश वेग आणि भार यांप्रमाणें बदलतात. ठिणगी फार लवकर पडली तर उरलेलें मिश्रण आपोआप भडकतें, मडक्यांत खडे खुळखुळावे तसा आवाज येतो, आणि तसेंच चालूं ठेविल्यास दट्ट्या निकामी होतो.

१९६७ सालीं जर्मनींतील बॉश कंपनीची विजेच्या नियंत्रणानें पेट्रोल फवारण्याची पद्धति फोक्सवॅगनच्या मोटारींत आली, व १९७९ सालीं त्याच कंपनीनें इंधन आणि ठिणगी या दोहोंचा हिशेब एका पेटींत आणला. परंतु ती पेटी मालकास उघडतां येत नसे. २००१ सालीं अमेरिकेंत ब्रूस बाउलिंग व अल ग्रिप्पो या दोघांनीं मेगास्क्वर्ट नांवाचें यंत्र तयार केलें. हौशी माणसानें सुटे भाग आणून, स्वतः डाख देऊन तें जोडावें, व आपल्या संगणकावरील सॉफ्टवेअरनें त्यांतील आंकडे बदलावे, अशी ती योजना होती. आमच्या पुतण्यानें याच जातीचें यंत्र घेतलें. त्यांतील आज्ञा कोष्टकाच्या रूपानें असते. आडव्या ओळींत एंजिनाचा वेग, उभ्या ओळींत आंत शिरणाऱ्या हवेचा दाब. सोळा गुणिले सोळा, अशीं २५६ घरें. इंधनाचें कोष्टक एक, ठिणगीचें दुसरें. पंचांग पाहणाऱ्यास हा प्रकार परका वाटूं नये.

आतां घडलें तें सांगतों. एवढीं घरें भरणें जिवावर आल्यामुळें पुतण्यानें त्याच प्रकारच्या एंजिनावर काम केलेल्या एका परिचिताकडून त्याची तयार फाइल आणली व जशीच्या तशी घातली. एंजिन पहिल्याच प्रयत्नांत सुरू झालें. भावजयीचे डोळे भरून आले. आम्हीं नारळ फोडला आणि चौघेजण बसून मळ्यांतील चढाच्या वाटेनें निघालों. चढावर तो खुळखुळाट ऐकूं आला. तो आम्हीं स्पष्ट ऐकला. परंतु पुतणा समोरच्या पडद्याकडे पाहून "सगळें बरोबर आहे, काका" असें म्हणाला, आणि यंत्राच्या बाबतींत आपलें अज्ञान उघडें पडूं नये म्हणून आम्ही गप्प राहिलों. चौथ्या फेरींत एंजिन धूर सोडून थांबलें. उघडून पाहिलें तों दुसऱ्या दट्ट्यास भोंक पडलें होतें.

तो मुलगा दोन दिवस जेवला नाहीं. बाबांची गाडी आपण मारली, एवढेंच म्हणे. भावजयीनें मात्र आम्हांस बाजूस बोलावून सांगितलें, "भाऊजी, गाडी गेली तर जाऊं द्या, पण त्यानें हात टेकूं नयेत असें कांहीं करा."

एंजिन दुरुस्त करून आणल्यावर आम्हीं त्यास एकच अट घातली : पडद्यावरील प्रत्येक आंकड्याचा ताळा बाहेर पाहावयाचा, तोंवर गाडी जागची हलवावयाची नाहीं. त्यानें टायमिंग तपासण्याचा दिवा आणला. हा दिवा ठिणगीबरोबर लुकलुकतो. त्यामुळें वेगानें फिरणारी कप्पी स्थिर भासते व तिच्यावरची खूण वाचतां येते. सॉफ्टवेअरमध्यें ठिणगी १० अंशांवर कायम केली. दिवा आम्हीं धरिला. खूण २० अंशांवर उभी होती.

कारण मग उलगडलें. क्रँकच्या कप्पीवर ३६ दांतांचें चक्र बसवितात व त्यांतील एक दांत मुद्दाम काढलेला असतो. ती रिकामी जागा सेन्सरपुढून गेली म्हणजे पहिला दट्ट्या माथ्यापासून किती अंशांवर आहे, हें सॉफ्टवेअरला सांगावें लागतें. परिचिताच्या फाइलींतील तो आंकडा त्याच्या एंजिनापुरता खरा होता. आमच्याकडील चक्र एका दांतानें पुढें बसलें होतें. एक दांत म्हणजे दहा अंश. पडदा खोटें बोलला नाहीं. जें त्यास सांगितलें तेंच त्यानें परत सांगितलें. ताळा कोणी पाहिला नव्हता.

कोंकणांतील नांदगांवच्या गणेश दैवज्ञांनीं शके १४४२, म्हणजे इसवी सन १५२० च्या सुमारास, 'ग्रहलाघव' रचला. जुन्या ग्रंथांवरून काढलेलीं ग्रहांचीं स्थानें आकाशाशीं जुळेनाशीं झालीं, तेव्हां ज्या ग्रंथाचा जो आंकडा वेधास मिळाला तो त्यांनीं स्वीकारला. यासच दृक्प्रत्यय म्हणतात. ग्रंथ आदरणीय खरा, पण ग्रह आकाशांत असतो. हें आम्ही वर्गांत किती वेळां सांगितलें असेल! चढावर मात्र आकाश खुळखुळत असतां आम्हीं ग्रंथाकडे पाहिलें.

त्यानंतर पुतण्यानें जो क्रम धरिला तो इतर हौशी तरुणांस उपयोगी पडेल. प्रथम सेन्सर तपासावे. पहांटे गार एंजिनाचें तपमान बाहेरच्या हवेइतकें दिसलें पाहिजे. एंजिन बंद असतां हवेचा दाब पुण्यास सुमारें ९५ व मुंबईस सुमारें १०१ किलोपास्कल दिसावा; तसा न दिसल्यास पुढील सारें कोष्टक चुकतें. मग दिव्यानें ठिणगी तपासावी. त्यानंतर धुराच्या नळींतील प्राणवायु मोजणारा सेन्सर पाहून, आधीं एंजिन उभ्या उभ्या चालतांना व मग हलक्या भारावर, इंधनाचीं घरें एकेक करून सुधारावीं. हें काम सॉफ्टवेअर आपोआपही करूं शकतें, परंतु तेंही सेन्सरच्या भरंवशावर. नळीस सेन्सरच्या आधीं बारीक चीर असली तर बाहेरची हवा आंत ओढली जाते, मिश्रण पातळ असल्याचा भास होतो, व सॉफ्टवेअर विनाकारण पेट्रोल वाढवीत बसतें.

पूर्ण भाराची परीक्षा त्यानें एका कारखान्यांत, टेंपोनें गाडी नेऊन, रोलरवर केली. तेथें ठिणगी मुद्दाम उशिराची ठेवून एकेक अंशानें पुढें आणिली. जोर वाढावयाचा थांबला कीं थांबावें, आणि खुळखुळाट आला तर त्याआधींच मागें यावें. एका वेळीं एकच आंकडा बदलावा, बदलण्यापूर्वीं जुनी फाइल तारीख घालून जपावी, आणि काय बदललें व कां, तें वहींत लिहावें. गार एंजिन सुरू करण्याचे आंकडे सर्वांत शेवटीं घ्यावे. त्यांस रोज सकाळीं एकच संधि मिळते. या सर्वांस त्यास पांच महिने लागले.

एक सूचना दिल्यावांचून लेखणी ठेवीत नाहीं. रस्त्यावर धांवणाऱ्या मोटारीवर हे प्रयोग करूं नयेत. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम उत्पादकानें ठरविलेल्या स्वरूपांत मनास येईल तसा बदल करूं देत नाहीं, व २०१९ च्या दुरुस्तीनें अशा प्रत्येक बदलास ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. शिवाय धूर शेजाऱ्याच्याही नाकांत जातो. ज्यास शिकावयाचें आहे त्यानें नव्या मोटारीच्या तपासणीच्या खोबणींत लहानसें वाचक-यंत्र लावून आंकडे नुसते वाचावे. वर्षभर पुरेल इतका अभ्यास त्यांत आहे.

मोटार आतां मळ्यांत चालते. गेल्या रविवारीं भावजय पुढील आसनावर बसून चढावरून विहिरीपर्यंत जाऊन आली. आम्ही या वेळीं मागें बसलों नव्हतों. वाटेच्या कडेला उभे राहून आवाज ऐकत होतों. खुळखुळाट नव्हता. तरी परत आल्यावर पुतण्यानें आम्हांस विचारलेंच, "काका, बाहेरून कसा वाटला?" हा प्रश्न ऐकून आम्हांस जें समाधान झालें, तें मोटार चालूं लागल्याच्या समाधानाहून कमी नव्हतें.