‘मला समजले’ नावाचा खेळ



जिंतूर तालुक्यातील बोरीहून एका भगिनीने विचारले आहे : विहाराला कोणी जुना संगणक दान दिला. मुलांसाठी त्यात ‘जीकॉम्प्री’ टाकून द्यायला दुकानदार पाचशे रुपये मागतो. द्यावेत का?

ताई, मेहनतीचे दाम जरूर द्यावे. पण खेळाला किंमत नाही, हे आधी जाणून घ्या. फ्रान्सच्या ब्रुनो कुदुआँ यांनी २००० साली तो सुरू केला. नावाचा उच्चार फ्रेंच भाषेतल्या ‘मला समजले’ या शब्दांसारखा होतो. माऊस धरण्यापासून बेरीज, घड्याळ, बुद्धिबळापर्यंत शंभराहून जास्त खेळ त्यात आहेत. खेळ ज्या मूळ लिखाणातून घडतो, ते कोणीही वाचावे, बदलावे, वाटावे, अशी मोकळीक आहे. पोथी कोंडून ठेवायची आणि अर्थ तेवढा विकायचा, हा व्यवहार आपल्या वाडवडिलांनी फार सोसला. म्हणून या उघड्या पोथीचे आम्हाला अप्रूप.

विंडोजवर पूर्ण खेळाला पूर्वी पैसे पडत. २०२० पासून तेही नाहीत. खेळाच्या मूळ संकेतस्थळावरून तयार फाइल उतरवायची, दोनदा टिचकी मारायची, झाले. मोबाइलवर प्ले स्टोअरमधून मिळतो.

विहारातल्या संगणकात विंडोज ७ असेल, तर जानेवारी २०२० पासून त्याची सुरक्षा-दुरुस्ती बंद आहे. आमचे मत, जुनी कागदपत्रे पेनड्राइव्हवर काढून घ्यावीत आणि डेबियन हे फुकट लिनक्स बसवावे. त्याच्या सॉफ्टवेअर यादीत जी, सी, ओ, एम, पी, आर, आय, एस ही इंग्रजी अक्षरे टाइप केली की खेळ सापडतो. पडदा अडखळला तर ‘सॉफ्टवेअर-रेंडरर’ हा पर्याय लावून चालवावा. जुन्या यंत्राला तो मानवतो.

कॉलेजातल्या पोरांनी मात्र एकदा मूळ लिखाणापासून खेळ घडवून पाहावा. ‘क्यूटी’ची साधने आधी बसवायची. मग ‘सीमेक’ काय कमी आहे ते सांगतो, ‘मेक’ खेळ घडवतो, ‘मेक इन्स्टॉल’ जागेवर ठेवतो. पहिल्या खेपेला लाल अक्षरांत चूक दिसेलच. घाबरू नये, कोणती वस्तू नाही, तिचे नाव बहुधा त्याच ओळीत असते. विंडोजवर ही खटपट जास्त, तिथे तयार फाइलच बरी.

बोरीच्या ताईंनी दुकानदाराला एवढेच विचारावे, पाचशे रुपये नेमके कशाचे? लिनक्स बसवून, खेळ चालवून, दोन मुलांना शिकवून देणार असेल, तर आमची हरकत नाही.