‘साडे’ कुठं गेलं?

माझ्या मामेभावाचं साताऱ्यात मसाल्यांचं छोटं ऑफिस आहे. पाच टेबलं, पाच फोन. हळदीची खरेदी मात्र सांगलीत, मार्केट यार्डातल्या सौद्यात. तिथं त्याचा माणूस बसतो आणि दोघांमध्ये इंटरनेट फोन. एसटीडीची कटकट नाही, सगळं कसं एकदम कॉर्पोरेट!

तर झालं असं, की सौदा ऐन रंगात असताना भावानं साताऱ्यातून सांगितलं, ‘साडेतेरा हजारापर्यंत जा.’ सांगलीत ऐकू आलं, ‘...तेरा हजारापर्यंत जा.’ माणूस तेरावर थांबला आणि चाळीस क्विंटल राजापुरी दुसऱ्यानं उचलली. पुढच्या आठवड्यात तसाच माल जास्त भावानं घ्यावा लागला. त्यावरून दोघांचं जे वाजलं, ते सांगायला नको.

भावाचं निदान तयार होतं : राउटर बदलायचा. सहा अँटेनावाला आणला, खेकड्यासारखा दिसणारा. फरक शून्य.

आता जरा हिशेब करू या, घाबरू नका. इंटरनेट फोन तुमच्या आवाजाचे तुकडे करतो, बहुधा सेकंदाला पन्नास. ‘साडे’ म्हणायला पाव सेकंद धरा, म्हणजे बारा-तेरा तुकडे. जी.७११ या नेहमीच्या पद्धतीत एका कॉलला एका बाजूनं साधारण ८७ केबीपीएस लागतात. पाचही फोन एकदम चालू असले, तरी अर्धा एमबीपीएस पुरतो. एवढं तर कुठल्याही फायबर लाइनला मिळतंच की! मग अडलं कुठं?

अडलं रांगेत. सकाळी अकराला अकाउंटंटबाई आदल्या दिवशीची बिलं स्कॅन करून क्लाउडवर चढवतात. सौद्याची वेळही तीच. अपलोड तुंबतं आणि बिलांच्या गठ्ठ्यामागे बिचारा ‘साडे’ ताटकळतो. बोललेला शब्द १५० मिलिसेकंदांत पोचावा, अशी आयटीयूची शिफारस आहे. बिल दोन सेकंद उशिरा पोचलं तर चालतं. उशिरा आलेला आवाज मात्र फोन सरळ टाकून देतो.

म्हणून राउटर घेताना अँटेना मोजू नका. दुकानदाराला विचारा, यात क्यूओएस आहे का? त्याहून बरं म्हणजे एसक्यूएम. अपलोडची मर्यादा लाइनच्या खऱ्या वेगाच्या थोडी खाली बांधता आली पाहिजे. म्हणजे रांग राउटरच्या ताब्यात राहते आणि फोनला आधी सोडता येतं. ओपनडब्ल्यूआरटी चालणाऱ्या साध्या राउटरवरही हे जमतं. ‘सिप एएलजी’ नावाचं सेटिंग बंद करता येतंय ना, तेही बघा. ते मदतीला म्हणून दिलेलं असतं, पण पुष्कळदा त्याच्याच कृपेनं एका बाजूला आवाज येतो आणि दुसरीकडे शांतता. टेबलावरचा फोन वायरनं जोडा. आणि यूपीएस! जुन्या लँडलाइनला वीज एक्स्चेंजमधून यायची, लाइट गेली तरी तो वाजायचा. हा नाही वाजत.

गंमत बघा, १ एप्रिल २००२ ला आपल्याकडे इंटरनेट टेलिफोनी खुली झाली, तेव्हा कॉम्प्युटरवरून न्यूयॉर्कचा फोन लावता यायचा, सांगलीचा नाही! देशातल्या नेहमीच्या नंबरांसाठी वाट खऱ्या अर्थानं मोकळी झाली ती २०१८ मध्ये.

भावानं खेकडा घरी नेला, पोरं त्यावर गेम खेळतात. ऑफिसात आता एक काळा, बिनअँटेनाचा डबा आहे. अकराला बिलं चढतात आणि सौद्याचा गलकाही दोन्हीकडे स्वच्छ ऐकू येतो. तरी हा पठ्ठ्या भाव सांगून झाला, की सांगलीच्या माणसाला विचारतोच, ‘साडे ऐकलंस ना?’