मांदरला रंग कोणता?

घरच्या संगणकावर गाणी ध्वनिमुद्रित करणारी मंडळी आता गावोगावी झाली आहेत. त्यांच्या कामातली एक छोटीशी सोय गेले काही दिवस माझ्या डोक्यात घोळते आहे. प्रत्येक आवाज, प्रत्येक वाद्य वेगळ्या ट्रॅकवर साठवले जाते. ट्रॅक चाळीस-पन्नास झाले की पडद्यावर नुसती राखाडी चळत दिसते आणि हवा तो सापडत नाही. म्हणून ट्रॅकना रंग देतात. हे काम हाताने करणे कंटाळवाणे, म्हणून आता नाव टाइप केले की रंग आपोआप चढतो. विनॅम्प बनवणाऱ्या जस्टिन फ्रँकेल यांच्या 'रीपर' या सॉफ्टवेअरला 'एसडब्ल्यूएस' नावाची पुरवणी जोडली की नियमांची यादीच करता येते : नावात 'किक' आले की लाल, 'बास' आले की निळा, वगैरे. यात बुद्धी काही नाही. सॉफ्टवेअर कानाने ऐकत नाही, फक्त अक्षरे जुळवून पाहते.

मध्य प्रदेशातल्या बालाघाटचे माझे एक स्नेही आहेत. घरात पोवारी बोलतात, लिहितात हिंदी, आणि मराठी आवडीने वाचतात. त्यांनी बैहरकडच्या करमा गाण्यांचे ध्वनिमुद्रण करून मला पाठवले. उघडून पाहिले तर गायकांचे ट्रॅक छान पिवळे, आणि बाकी सगळे राखाडी! कुणाकडून तरी मिळालेली तयार यादी त्यांनी वापरली होती. तिला मांदर ठाऊक नव्हता, टिमकी ठाऊक नव्हती, ठिसकी तर नाहीच. मी कळवले तसे दुसऱ्या दिवशी सगळे रंगीत होऊन आले. काय केले होते? मांदरचे नाव बदलून 'पर्क १' केले, टिमकी 'पर्क २', ठिसकी 'पर्क ३'. यंत्र खूश झाले.

मला मात्र हे खटकले, आणि ते नुसते भाषाभिमानापोटी नाही. रंग त्या फाइलपुरता असतो. ट्रॅक वेगळे काढून दुसऱ्याला पाठवले की रंग मागे राहतो, नाव तेवढे फाइलीला चिकटून पुढे जाते. वीस वर्षांनी कुणाच्या हाती ती फाइल पडली तर 'पर्क २' वाचून त्याला काय कळणार? १९४४ साली व्हेरियर एल्विन आणि आपले शामराव हिवाळे यांनी याच मैकल डोंगररांगांतल्या लोकगीतांचे पुस्तक काढले. गाणी छापली ती इंग्रजी अनुवादात. आवाज साठवण्याचे साधन तेव्हा हाताशी नव्हते, हे समजू शकते. आज आवाज अगदी स्वच्छ साठवता येतो. अशा वेळी नाव आपणच पुसून टाकायचे, याला काय म्हणावे?

नावाच्या चिठ्ठीवरून रंग ठरण्याचा अनुभव बालाघाटला नवा नाही म्हणा. मध्य प्रांतात हा जिल्हा नागपूर विभागात होता. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. जनगणनेत पोवारी बोली हिंदीच्या खाली मोजली जाते. नकाशावर एकच रंग फासला की आतल्या छटा दिसेनाशा होतात. मातृभाषेच्या रकान्यात काय लिहायचे यावरून किती रामायण घडू शकते, हे आम्हा गोंयकारांना कुणी सांगायला नको!

पण मी स्वयंचलित रंगांच्या विरोधात नाही, उलट बाजूचा आहे. ही सोय माणसाला नाव लिहायला भाग पाडते. नाव नाही तर रंग नाही. 'ऑडिओ १', 'ऑडिओ २' अशी बेवारशी पोरे सोडून देणाऱ्या आपल्या आळशी मंडळींना हा चांगला धाक आहे. फक्त यादी स्वतःची हवी.

यादी करायची तर वर्गीकरण आले, आणि ते आपल्याकडे तयार आहे. तत, सुषिर, अवनद्ध, घन हे नाट्यशास्त्रातले चार प्रकार. १९१४ साली हॉर्नबोस्टेल आणि झाक्स यांनी जगभरच्या वाद्यांचे जे वर्गीकरण केले, त्याचाही सांगाडा बराचसा असाच आहे. मांदर आणि टिमकी चामड्याची, म्हणून अवनद्ध. ठिसकी लाकडी, म्हणून घन. आमचे घुमट आणि शामेळ अवनद्ध, कांसाळे घन. 'पर्कशन' हा एकच शब्द चामडे, लाकूड आणि धातू एका पोत्यात भरतो. आपले शास्त्र ती वेगळी ठेवते. आणि रंगांचे वेडही आपल्याला नवे नाही. भरताने रसांना रंग दिले : शृंगार श्याम, रौद्र लाल, करुण पारव्याच्या रंगाचा. देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने तर सात स्वरांनाही रंग सांगितले. हा गृहस्थ दरबारात हिशेबाचे खाते सांभाळत होता, हे मला फार आवडते. खतावणीची सवय स्वरांनाही लागू केली असावी!

आता लिपीचा प्रश्न. माझे मत देवनागरीच्या बाजूने आहे, आणि रीपर देवनागरी नावे निमूटपणे घेतो. रोमीत लिहिले तर एका घुमटाची चार स्पेलिंगे होतात, त्यातली तीन राखाडी राहतात. शिवाय रोमीत 'मांडो' या गीतप्रकारासाठी नियम केला की तोच रंग 'मॅन्डोलिन'वरही चढतो, कारण त्या नावाची पहिली पाच अक्षरे तीच. देवनागरीत हा घोळ होत नाही. मात्र देवनागरी म्हणजे सगळा आनंद असेही नाही. 'ढोल'चा नियम ढोलकीलाही पकडतो, म्हणून यादीत क्रम सांभाळावा लागतो. बालाघाटला 'नगाड़ा' लिहितात, खाली नुक्ता देऊन. आपण 'नगारा' म्हणतो. यंत्राच्या लेखी ही दोन वेगळी वाद्ये. आणि मांदर कुणी अनुस्वाराने लिहितो, कुणी चंद्रबिंदूने.

याहून मोठी अडचण वेगळीच आहे. घुमट आरतीत गाणाराच वाजवतो. त्याच्यासमोरच्या मायक्रोफोनमध्ये गळा आणि घुमट दोन्ही येतात. बैहरच्या ध्वनिमुद्रणातही प्रत्येक ट्रॅकमध्ये नाचणाऱ्यांची पावले ऐकू येतात. एका ट्रॅकला एक वाद्य हा हिशेब स्टुडिओतल्या बंद खोल्यांचा आहे, अंगणातला नव्हे. अशा ट्रॅकला मी दोन्ही नावे लिहायला सुचवले आहे, 'घुमट-गळा' किंवा 'मांदर-पावले', आणि त्यांना वेगळा, मातीचा रंग. स्नेह्यांना तो चिखलासारखा वाटतो. त्यांनी 'मांदर-पावले'ला हिरवा दिला आहे. 'पर्क १' मात्र गेले. नगाऱ्याचा वाद अजून मिटलेला नाही. तूर्त दोन्ही नावे यादीत आहेत, एकाखाली एक.