तेल घाव होण्यापूर्वी

धनत्रयोदशीच्या सुमारास असंख्य भाविक सातपुड्यातील अस्तंब्याचे शिखर चढतात. कपाळावरील जखमेसाठी तेल मागत फिरणाऱ्या अश्वत्थाम्याची आख्यायिका आपल्या नंदुरबार जिल्ह्यात घरोघरी ठाऊक आहे. पुढे मार्गशीर्षात दत्तजयंतीला सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो, तोरणमाळच्या सहली सुरू होतात, गावोगावी कबड्डी-क्रिकेटचे सामने रंगतात. त्यापाठोपाठ मुरगळलेले घोटे आणि सुजलेली मनगटे घेऊन रुग्ण येतात व तेलच मागतात. आमचे स्पष्ट मत असे, की तेलाचे खरे स्थान घाव होण्यापूर्वी आहे.

हेमंतात शरीरबल उत्तम असते, या वचनाचा सोयीस्कर अर्थ लावला जातो. वाग्भटाचार्यांनी शीतकाळातही, बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्यालाही, अर्धशक्तीनेच व्यायाम सांगितला आहे. इतरांनी त्याहून कमी करावा. वर्षभर गादीवर बसणारा गृहस्थ पहाटेच्या गारठ्यात एकदम डोंगर चढू लागला, तर दोष ऋतूचा नव्हे. अशांना आठ-पंधरा दिवस आधीपासून नित्य अभ्यंग, हलका व्यायाम आणि रोज थोडे अधिक चालणे सांगावे. उतरणीसाठी हाती काठी असावी. घोड्यावर बसणाऱ्याने हेल्मेट व टाचेचे बूट घालावेत. तळहातांना तेल राहू देऊ नये, लगाम निसटतो.

मार लागल्यावर मात्र चोळण्याची घाई नको. आम्हीही एकदा चुकलो आहोत. घोड्यावरून पडलेल्या एका तरुणाचे सुजलेले मनगट केवळ मुरगळले असे समजून आम्ही मर्दन केले. दुसऱ्या दिवशी एक्स-रेमध्ये अस्थिभग्न दिसला. सुश्रुताचार्यांनी संधिमुक्ताचे ६ व कांडभग्नाचे १२ प्रकार वेगळे सांगितले, ते केवळ परीक्षेत लिहिण्यासाठी नव्हे. शंका असल्यास अवयव फळीने स्थिर करून एक्स-रेसाठी पाठवावे. डोक्याला वा मानेला मार असल्यास रुग्णालय हाच मार्ग.

कुशाबंधनाविषयीही सावध राहावे. बंध सैल झाला तर संधी स्थिर होत नाही, घट्ट झाला तर शोथ, वेदना व पाक होतो, असे सुश्रुतसंहिता बजावते. शीत ऋतूत बंध ७ दिवसांनी बदलण्याचा तिचा निर्देश आहे. पण याचा अर्थ ७ दिवस पाहूच नये असा नाही. बोटे थंड, निळसर वा बधिर झाली तर बंध तत्काळ सोडवून रुग्णास रुग्णालयात न्यावे. रोज बोटे तपासणे हे आमचे कर्तव्यच आहे.

औषधी दुकानदार बंधूंनाही विनंती आहे. तेलाची बाटली देण्यापूर्वी एवढेच विचारावे: मार केव्हा लागला? पाय टेकवतो का? बोटे हलतात का? उत्तर समाधानकारक नसेल, तर ती विक्री सोडून द्यावी. एका बाटलीचा नफा बुडेल, पण एखाद्याचा हात वाचेल.