विमानाची मूठ घरात घेताना

मैत्रिणींनो, या सदरात आपण कुकरच्या रिंगा पारखल्या, मिक्सरची भांडी पारखली, पावसाळ्याच्या तोंडावर छत्र्यासुद्धा पारखून झाल्या. आजची वस्तू मात्र जरा निराळी आहे. तुमच्यापैकी पुष्कळजणींनी ती पाहिलीही नसेल. पण घरात शिकणारं मूल आणि कॉम्प्युटर असेल, तर आज ना उद्या ती मागणी तुमच्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहील.

आमची लेक अकरावीत आहे, विज्ञान शाखेला. तिला वैमानिक व्हायचं आहे. आठवीपासून ती हे म्हणते आणि आठवीपासून आम्ही ‘बघू’ म्हणतो. घरच्या कॉम्प्युटरवर विमान चालवण्याचा सराव करता येतो, त्याला सिम्युलेटर म्हणतात. त्यासाठी तिला जॉयस्टिक हवी होती. तीही साधी नव्हे, अमेरिकन लढाऊ विमानातल्या दांड्याची हुबेहूब नक्कल, चांगली धातूची. किंमत ऐकून आमचे हे म्हणाले, “एवढ्यात इन्व्हर्टरची नवी बॅटरी येते.” सासूबाई म्हणाल्या, “खेळणं ते खेळणंच, पितळेचं केलं म्हणून काय झालं?” माझ्या अर्धवेळ शिकवण्याचं तीन महिन्यांचं मानधन त्यात जाणार, हा हिशेब मी मनातल्या मनात केला.

नाही म्हणणं अगदी सोपं होतं. पण आपण वस्तूला नाही म्हणतो आणि मुलांना ते आपल्या स्वप्नालाच नाही असं ऐकू जातं. त्यातून मुलगी असली की जास्तच. म्हणून मी म्हटलं, आधी वस्तू नीट पारखू, हो की नाही ते मग बोलू.

हाताने पारख

माझा भाचा विरारला राहतो. त्याने हौसेने अशी मूठ घेतलेली आहे. एका रविवारी आम्ही मायलेकी वसई रोडहून गाडी पकडून त्याच्याकडे गेलो आणि चांगला दीड तास ती वस्तू हाताळली.

जॉयस्टिकचे दोन भाग असतात. वर हातात धरायची मूठ आणि खाली बेस. मुठीवर बटणं असतात. दांडा किती आणि कुठे कलला, हे कॉम्प्युटरला कळवणारं यंत्र आणि स्प्रिंगा मात्र बेसमध्ये असतात. मिक्सरचं भांडं आणि मोटर यांच्यासारखंच हे नातं. भांडं कितीही झकास असलं तरी वाटण बारीक करते ती मोटर. हे लक्षात ठेवायचं कारण असं, की काही नक्कल-मुठी नुसत्याच विकल्या जातात. थ्रस्टमास्टर कंपनीची एफ/ए-१८ हॉर्नेट विमानाची मूठ अशीच आहे. तिच्यासोबत बेस येत नाही. त्याच कंपनीच्या वॉरथॉगचा किंवा तिला जुळणारा दुसरा बेस वेगळा घ्यावा लागतो. चित्र पाहून पैसे भरले आणि घरी नुसतं भांडं आलं, असं व्हायला नको.

मूठ हातात घेतली की पहिली गोष्ट जाणवते ती वजन आणि गारवा. धातूची वस्तू मन मोहून घेते, खोटं कशाला सांगू? पण पारख पुढे आहे. तळवा मुठीवर नीट टेकवा आणि तो न उचलता अंगठा वरच्या सगळ्या बटणांपर्यंत पोचतो का ते बघा. करंगळीला खालची कळ दाबता येते का तेही बघा. वॉरथॉगच्या मुठीवर १९ बटणं आणि वर एक आठ दिशांना फिरणारी कळ आहे. लढाऊ वैमानिकाला हात न उचलता सगळं करता यावं म्हणून ही सोय. पण मूळ मूठ मोठ्या पुरुषी पंजाच्या मापाची असते. माझ्या लेकीचा अंगठा वरच्या दोन कळांपर्यंत पोचण्यासाठी तिला दरवेळी पकड सोडावी लागत होती. पकड सुटली की दांडा हलतो आणि विमान भरकटतं. निदान अर्धा तास धरून बसायचं. मनगट दुखतं की नाही ते पाच मिनिटांत कळत नाही.

हुबेहूब म्हणजे नेमकं काय?

इथे मला एक नवीन गोष्ट कळली. मूठ हुबेहूब असते ती आकाराने. तिची हालचाल हुबेहूब असेलच असं नाही. खऱ्या एफ-१६ विमानातला दांडा जवळजवळ हलतच नाही. वैमानिकाच्या हाताचा दाब किती पडला, हे तो ओळखतो. त्याच मुठीची नक्कल घरच्या बहुतेक बेसवर स्प्रिंगेच्या जोरावर मागेपुढे झुलते. म्हणजे डोळ्याला एफ-१६ दिसतं, पण हात काही वेगळंच शिकतो.

दुसरी गोष्ट खर्चाची. साध्या जॉयस्टिकचा दांडा उजवीडावीकडे पिळता येतो. विमानाचं शेपूट वळवणारं रडर त्यानेच चालतं. खऱ्या विमानात रडर पायांनी चालवतात, म्हणून वॉरथॉगची मूठ पिळता येतच नाही. मग पायाशी ठेवायचे पेडल वेगळे घ्या. डाव्या हाताला इंजिनाचा जोर कमीजास्त करायचा दांडा घ्या. दांडा गुडघ्यांमध्ये यावा म्हणून टेबलाला आवळायचा लोखंडी साचा घ्या. पैठणी घेतली की तिच्यापायी ब्लाउज, चपला आणि पर्स घ्यावी लागते, तशातली गत. नक्कल जितकी खरी, तितकं पुढचं सामान वाढत जातं. भाच्यानेही ते हसत हसत कबूल केलं, “आत्या, मूठ ही नुसती सुरुवात असते गं.”

आतलं यंत्र आणि आपली हवा

दांडा किती कलला हे मोजण्याचे दोन प्रकार सर्रास आढळतात. जुन्या आणि स्वस्त वस्तूंत पोटेन्शिओमीटर असतो. त्यात दोन भाग एकमेकांवर घासतात. जुन्या रेडिओचा आवाज वाढवताना खरखर यायची ना? ती याच भागाच्या झिजेमुळे आणि धुळीमुळे. जॉयस्टिकमध्ये अशी खरखर आली की विमान आपोआप थरथरतं. दुसऱ्या प्रकाराला हॉल सेन्सर म्हणतात. त्यात लोहचुंबक असतं, भाग एकमेकांना टेकतच नाहीत आणि म्हणून तिथे झीज नाही. विकत घेताना ‘सेन्सर कुठला?’ हा एक प्रश्न विचाराच. उत्तर देताना विक्रेता अडखळला तर समजून जा.

आपल्या वसई-विरार पट्ट्यात समुद्र जवळ आणि पावसाळ्यात दमट हवा. लोखंडी स्क्रू आणि बटणांखालचे धातूचे टेकू गंजतात. काम झालं की वर सुती कापडाची खोळ घालावी. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवाव्या. ओल्या फडक्याने पुसू नये.

कुठल्या विमानाची मूठ?

आता मुख्य मुद्दा. माझी लेक डावरी आहे. लहानपणी डाव्या हाताने जेवते म्हणून तिने घरात पुष्कळ बोलणी खाल्ली. भाच्याची मूठ उजव्या पंजासाठी घडवलेली. तिला ती डाव्या हातात धरताच येईना. बिचारीचा चेहरा उतरला. तेव्हा मी तिला साधं विचारलं, “तुला लढाऊ विमान चालवायचं आहे की प्रवासी?” ती म्हणाली, “प्रवासी.”

मग ही मूठ कशाला? प्रवासी विमानात दोन रीती आहेत. बोइंगमध्ये समोर अर्ध्या चाकासारखं हँडल असतं. एअरबसच्या ए-३२० मध्ये, जे १९८८ साली सेवेत आलं, खुर्चीच्या बाजूला छोटा दांडा असतो. कॅप्टन डावीकडे बसतो आणि तो दांडा डाव्या हाताने चालवतो! सहवैमानिक उजव्या हाताने. आपल्याकडच्या इंडिगोच्या ताफ्यात बहुतेक विमानं याच कुटुंबातली आहेत. त्या दांड्यावर बटणंही दोनच महत्त्वाची: एक स्वयंचलित उड्डाण बंद करणारं, दुसरं रेडिओवर बोलण्याचं. शिवाय तो दांडा खऱ्या विमानातसुद्धा स्प्रिंगेवरच चालतो. म्हणजे घरच्या स्प्रिंगेच्या जॉयस्टिकवर हाताला जे जाणवतं, ते धातूच्या लढाऊ मुठीपेक्षा इथे खऱ्याच्या जास्त जवळ येतं.

हे कळल्यावर सासूबाई काय म्हणाल्या असतील? “म्हणजे डाव्या हाताला मान आहे म्हणायचा एका ठिकाणी!” आणि नात खुदकन हसली.

एअरबसच्या दांड्यावरून बेतलेली टीसीए साइडस्टिक नावाची जॉयस्टिक मिळते. ती प्लास्टिकची आहे, हलकी आहे. तिच्यात हॉल सेन्सर आहेत, दांडा पिळता येतो आणि डाव्या-उजव्या दोन्ही हातांना जुळवून घेता येतो. किंमत धातूच्या लढाऊ मुठीच्या मानाने बरीच कमी. आम्ही ती घ्यायचं ठरवलं.

पण आधी अट

आमच्या ह्यांनी एक अट घातली, आणि ती मला पटली. आधी तीन महिने फुकटात सराव. फ्लाइटगिअर नावाचा सिम्युलेटर विनामूल्य मिळतो. त्यात सेसना १७२ हे शिकाऊ विमान आहे. की-बोर्ड आणि माऊसवरही ते चालतं, जरा अवघड जातं इतकंच. रोज अभ्यासानंतर पाऊण तास आणि प्रत्येक उतरण्याची वहीत नोंद. जिथे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले, त्या जुहूच्या धावपट्टीचं नाव वहीच्या पहिल्या पानावर तिने मोठ्या अक्षरात लिहिलं आहे. तीन महिने वही चालली तर जॉयस्टिक. वही बंद पडली, तर पैसे तरी वाचले.

मुलांना आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. घरच्या सिम्युलेटरवरचा एक मिनिटही वैमानिकाच्या परवान्यात धरला जात नाही. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचं उड्डाण लागतं, वय १८ पूर्ण लागतं आणि डोळे, कान, हृदय यांची सरकारमान्य डॉक्टरांकडून तपासणी होते. प्रशिक्षणाचा खर्च पुष्कळ लाखांत जातो. म्हणून वस्तू घेण्याआधी मुलीला नेत्रतज्ज्ञाकडे नेऊन नजर आणि रंगांची ओळख तपासून घ्या. मुठीतून वाचलेले पैसे मी पोस्टाच्या आवर्ती ठेवीत घालायला सुरुवात केली आहे. रक्कम लहान आहे, पण खात्यावर लेकीचं नाव आहे.

आणि कुणी ‘मुलीला कशाला हे वेड’ म्हणालं तर त्यांना सांगा: १९८५ साली कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी सहवैमानिक निवेदिता भसीन यांच्यासह फोकर विमान नेलं, तेव्हा आपल्या देशात पहिल्यांदा विमानाची संपूर्ण सूत्रं बायकांच्या हाती होती. आज भारतातल्या वैमानिकांत सुमारे १५ टक्के स्त्रिया आहेत आणि हे प्रमाण जगाच्या सरासरीच्या कितीतरी वर आहे.

घेताना एवढं पाहा

१. नुसती मूठ आहे की बेससकट, हे बिलावर लिहून घ्या.

२. मुलाला किंवा मुलीला सोबत न्या. हात त्यांचा, पारखही त्यांच्याच हाताने.

३. डावरं मूल असेल तर ते आधी सांगा.

४. वापरलेली वस्तू असेल तर ती लॅपटॉपला जोडून ‘गेम कंट्रोलर’ची खिडकी उघडायला सांगा. त्यात एक छोटं अधिक चिन्ह दिसतं. दांडा सोडला की ते बरोबर मध्यावर येऊन थांबलं पाहिजे. थरथरलं किंवा बाजूला राहिलं तर घेऊ नका.

५. परदेशातून मागवत असाल तर जकात कोण भरणार आणि बिघडल्यास दुरुस्ती भारतात होते का, हे विचारा.

६. धातूची मूठ हलक्या बेसवर बसवली तर तिच्या वजनाने बेस टेबलावरून उचलला जातो. चारी बाजूंना पूर्ण कलवून पाहा.

आमच्या वहीचा हा पाचवा आठवडा. आतापर्यंत उतरण्याच्या एकसष्ट नोंदी झाल्या. त्यांतल्या एकोणीस नोंदींपुढे लेकीने स्वतःच ‘आपटलं’ असं प्रामाणिकपणे लिहिलं आहे. बाकीच्या बेचाळीस वेळा विमान धड उतरलं. परवा आमचे हे चहा पिता पिता तिच्या खुर्चीमागे बराच वेळ उभे होते. बोलले काही नाहीत, पण इन्व्हर्टरचा विषयही त्यांनी काढला नाही.

तुमच्या घरी मुलांच्या हौसेची अशी एखादी महागडी वस्तू घ्यायची की नाही हा प्रश्न पडला असेल, तर जरूर लिहा. पुढच्या खेपेस आपण डब्यांची झाकणं आणि त्यांच्या रबरी कडा पाहणार आहोत.