ट्रान्सफॉर्मर वाचवला, पण...

मंडळी, हल्ली घरात 'व्हिंटेज' कोपरा करायची फॅशन आहे. भंगारवाल्याकडून शटरचा लाकडी टीव्ही आणायचा, पुसायचा, वर मनीप्लांट ठेवायचा. इथपर्यंत ठीक. पण "चालतोय का बघू" म्हणून कुणीतरी प्लग लावतोच! आमच्या बुवापाड्यात काय किंवा पुण्यात काय, माझं म्हणणं एकच: लावू नका. का ते सांगतो.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं. त्या पिढीच्या व्हॉल्व्हवाल्या सेटमध्ये बरेचदा मेन्स ट्रान्सफॉर्मरच नसायचा. जड आणि महाग ना तो! त्याऐवजी व्हॉल्व्हचे हीटर गणपतीतल्या लाइटच्या माळेसारखे एकापुढे एक जोडायचे. सगळ्यांतून करंट ३०० मिलिअँपिअर. कुणाला १५ व्होल्ट, कुणाला २७, पिक्चर ट्यूबला ६.३. उरलेले व्होल्ट एका दणकट रेझिस्टरमध्ये जाळायचे. २३० गुणिले ०.३, म्हणजे जवळपास ७० वॅट नुसते गरम व्हायला! एक हीटर गेला की अख्खी माळ बंद. बाकी सर्किटला लागणारे दोनशेच्या वर डीसी व्होल्ट एक डायोड आणि मोठे कपॅसिटर लावून थेट मेन्समधून काढायचे.

पिक्चर ट्यूबचे १५-२० हजार व्होल्ट मात्र वेगळ्या वाटेने येतात. पडद्यावर रेषा काढणारा किरण सेकंदाला १५,६२५ वेळा झटकन मागे फिरतो. त्या झटक्यातूनच लाइन आउटपुट ट्रान्सफॉर्मर हे व्होल्ट तयार करतो. मानलं पाहिजे!

आता गोम. ट्रान्सफॉर्मर नाही म्हणजे चासी थेट मेन्सच्या एका वायरला जोडलेली. दोन पिनांचा प्लग उलटा लागला की चासीवर फेज! गिऱ्हाइकाला वाचवायला लाकडी खोकं आणि प्लॅस्टिकचे नॉब होते. मागचं झाकण उघडणाऱ्या मेकॅनिकला काय होतं? स्वतःची सावधगिरी. शिवाय प्लग काढल्यावरही पिक्चर ट्यूबमध्ये चार्ज टिकून राहतो, तो वेगळाच.

या काटकसरीमुळे टीव्ही स्वस्त झाला, हे मान्य. पण पैसे वाचले एकाचे आणि जोखीम गेली दुसऱ्याच्या अंगावर. हा हिशोब मला पटत नाही. आणि तो संपलाय असंही नाही. चांगल्या मोबाइल चार्जरमध्ये मेन्स आणि तुमचा फोन यांना वेगळं ठेवणारा छोटासा ट्रान्सफॉर्मर असतो. फूटपाथवरच्या डुप्लिकेट चार्जरमध्ये अनेकदा त्याच्याच इन्सुलेशनवर हात मारलेला असतो.

तेव्हा टीव्ही शोभेला जरूर ठेवा, फक्त वायर कापून. आणि चार्जर घेताना शंभर रुपये जास्त गेले तर जाऊ द्या!