‘के पाद्रे’ला टाळ्या, मग ‘काहून’ला लाल शाई का?



गेल्या आठवड्यात चौथीच्या वर्गात एक मुलगा चित्र दाखवताना ओरडला, ‘‘के पाद्रे!’’ मी विचारलं, हे काय रे? म्हणाला, ‘‘मॅडम, स्पॅनिश आहे. मोठा भाऊ मोबाइलवर शिकतो. मेक्सिकोत भारी काही दिसलं की असं म्हणतात.’’ सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

त्याच तासाला एका मुलीने विचारलं, ‘‘मॅडम, आज काहून लवकर सुट्टी?’’ आणि मी सवयीने म्हणाले, ‘‘काहून नाही, ‘का’ म्हणावं.’’ ती मान खाली घालून बसली. उरलेल्या तासात एक शब्द बोलली नाही.

घरी गेल्यावर माझं मलाच वाईट वाटलं. दोन्ही शब्द बोलीतलेच. एकाला टाळ्या, दुसऱ्याला दुरुस्ती. असं का?

परदेशी भाषा आता फक्त शहरी मुलांची राहिली नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या गाडिवाटच्या जिल्हा परिषद शाळेतली मुलं जपानी शिकली. रोबोट आणि तंत्रज्ञानाची आवड म्हणून त्यांनी स्वतः ही भाषा निवडली होती. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक स्तरावर शिकता येतील अशा परदेशी भाषांमध्ये स्पॅनिशचंही नाव आहे. फुटबॉल, गाणी आणि वेब सिरीजमुळे मुलांच्या कानावर ती पडतेच. शिकू द्या. माझा विरोध अजिबात नाही. उलट रोजच्या बोलण्यातले शब्द आधी शिकावेत, असंच माझं मत आहे. क्रियापदांचे तक्ते पाठ करून कोणी बोलायला लागत नाही.

शिवाय आपल्या मुलांना ही भाषा वाटते तितकी परकी नाही. संत्र्याला स्पॅनिशमध्ये ‘नारांखा’ म्हणतात. आपल्या संस्कृतातला ‘नारंग’ फारसी-अरबीतून तिकडे पोहोचला, त्याचंच हे रूप. ‘पागार’ म्हणजे पैसे चुकते करणं. आपला ‘पगार’ स्पॅनिशच्या सख्ख्या बहिणीकडून, पोर्तुगीजमधून आला. ‘ओखाला’ म्हणजे ‘असं होवो’. हा शब्द अरबीतून आलेला, मुळात देवाच्या इच्छेचा. आपल्या शहरात ‘इन्शाल्ला’ रोज ऐकणाऱ्या मुलांना तो लगेच ओळखीचा वाटेल.

वाक्प्रचार तर मुलांना फारच आवडतात. स्पॅनिशमध्ये ‘केस घेणे’ म्हणजे एखाद्याची फिरकी घेणे. ‘खाल्लेला पाव’ म्हणजे अगदी सोपं काम, आपला ‘हातचा मळ’. आणि ‘के पाद्रे’चा शब्दशः अर्थ काय, माहीत आहे? ‘काय बाप!’ आपली पोरंही म्हणतातच ना, ‘बाप काम केलं यार!’ चर्चमधला ‘पाद्री’ही याच घराण्यातला.

पण बोलीतल्या शब्दाबरोबर एक गोष्ट शिकवावीच लागते : तो कुठे, कोणाशी बोलायचा. मेक्सिकोत ‘के पाद्रे’ म्हणतात, स्पेनमध्ये त्याच भावनेला ‘ग्वाय’, कोलंबियात ‘चेबेरे’. बटाटा स्पेनमध्ये ‘पताता’, मेक्सिकोत ‘पापा’. एक साधं क्रियापद असं आहे, की स्पेनमध्ये ‘बस पकडणे’ म्हणताना ते सर्रास वापरतात आणि मेक्सिकोत तीच शिवी ठरते. दोन मिनिटांच्या व्हिडिओत शब्द मिळतो, हे भान मिळत नाही.

‘तू’साठी ‘तू’च आणि ‘तुम्ही’साठी ‘उस्तेद’. इंग्रजीत दोघांनाही ‘यू’. म्हणजे जो भेद इंग्रजी बोलणाऱ्या मुलाला समजावून सांगावा लागतो, तो आपल्या मुलांना घरातूनच येतो. मेक्सिकोत मोठ्यांनी हाक मारली की मूल ‘के?’ म्हणजे ‘काय?’ म्हणत नाही, ‘मांदे?’ म्हणतं. मूळ अर्थ ‘आज्ञा करा’. आपल्याकडे आजी हेच शिकवते : ‘काय’ म्हणू नको, ‘जी’ म्हण.

आता मूळ मुद्द्यावर येते. मेक्सिकोचा शब्द स्पेनमध्ये चालत नाही, म्हणून आपण त्याला ‘अशुद्ध’ म्हणतो का? नाही. आपण म्हणतो, ‘तो तिकडचा शब्द आहे.’ मग मराठवाड्यातल्या ‘काहून’, ‘लई’, ‘व्हय’ला आणि शहरातल्या ‘नक्को’, ‘हौ’ला हीच वागणूक का नाही?

काही पालक म्हणतील, ‘‘मॅडम, पेपरात ‘काहून’ लिहिलं तर मार्क कापतील ना?’’ बरोबर आहे. प्रमाण मराठी यायलाच हवी, ती शिकवणं माझं कामच आहे. पण ती घरच्या बोलीच्या शेजारी बसवायची, बोली पुसून तिच्या जागी नाही. ‘तू’ आणि ‘उस्तेद’ दोन्ही शिकतात, तसं. ज्या मुलाला स्वतःच्या आईच्या बोलण्याची लाज वाटते, ते आधी वर्गात गप्प होतं. आणि गप्प मूल कोणतीच भाषा शिकत नाही, मराठी नाही, इंग्रजी नाही, स्पॅनिशही नाही.

मी एक उपक्रम सुरू केला आहे. फळ्यावर तीन रकाने : ‘घरी’, ‘पुस्तकात’, ‘परदेशात’. रोज एकच शब्द. पहिल्या दिवशी ‘भारी’ घेतला. घरच्या रकान्यात मुलांनी ‘लई भारी’, ‘एक नंबर’, ‘बाप’ सांगितलं. पुस्तकाच्या रकान्यात ‘उत्कृष्ट’ आलं, परदेशाच्या रकान्यात ‘के पाद्रे’. मग प्रश्न विचारला : मुख्याध्यापकांच्या अर्जात यातला कोणता लिहाल? मित्राला कोणता म्हणाल? मुलांनी न चुकता उत्तरं दिली. भाषेचं भान मुलांकडे असतंच, आपण फक्त विचारत नाही. खर्च शून्य, वेळ दहा मिनिटं.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम ‘का’ हा शब्द घेतला. स्पॅनिशमध्ये ‘पोर के’ म्हणतात, हे त्या मुलाने सांगितलं. घरच्या रकान्यासाठी मी त्या मुलीकडे बघितलं. ती थोडी थांबली, मग हळूच म्हणाली, ‘‘काहून.’’

मी तो शब्द फळ्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात लिहिला. या वेळी टाळ्या मी आधी वाजवल्या.